नात्यातला पैसा : देणारा कोण, मागणारा कोण?



एक प्रसंग डोळ्यांसमोर आणा. सांगलीचे एक जोडपे दोन वर्षांपूर्वी बेंगळुरूला राहायला आले आहे. त्याची नोकरी इलेक्ट्रॉनिक सिटीत. ती सांगलीत एका पतसंस्थेत काम करायची. इकडे यायचे ठरल्यावर तिने ती नोकरी सोडली. शहर नवे, कन्नड येत नाही, मूल लहान. घरभाड्याचा करार त्याच्या नावावर, पगार त्याच्या खात्यात, दुधापासून विजेपर्यंतची सगळी बिले त्याच्याच फोनवरून जातात. एका दुपारी ती त्याला मेसेज करते, ‘पाचशे रुपये पाठव ना.’ तिकडून उत्तर येते, ‘कशाला?’

एवढा एकच शब्द. त्याच्या मनात काही वाईट नाही. मीटिंगमध्ये बसल्या बसल्या त्याने सहज विचारले आहे, आणि पाच मिनिटांत तो पैसे पाठवतोही. पण ती फोन हातात धरून विचार करत राहते. शेजारच्या मैत्रिणीबरोबर चहाला जायचे आहे असे लिहावे, की भाजी आणायची आहे असे लिहावे? शेवटी ती ‘भाजीला’ असे लिहिते. दोघांत आजवर कधी खोटे नव्हते. त्या दिवशी पाचशे रुपयांसाठी ते आले.

आपण पहाटे उठून प्राणायाम करतो, ध्यानाला बसतो, सर्वांमध्ये एकच चैतन्य आहे असे मानतो. पण ज्या व्यक्तीबरोबर एका छपराखाली राहतो, तिच्यातले चैतन्य आपण खरोखर आपल्याएवढेच मानतो का, याची परीक्षा पैशाच्या व्यवहारात होते. म्हणून या पाठात पैसा, काम आणि त्यातून जोडीदारांमध्ये येणारी सत्ता यांकडे साधकाच्या नजरेने पाहू. एक सूत्र सुरुवातीलाच मनात ठेवावे : नात्यातली बरोबरी कमाईच्या आकड्यावर मोजू नये. मागावे कोणाला लागते आणि शेवटचा शब्द कोणाचा असतो, हे पाहावे.

फाडलेली वही

बेंगळुरूत राहणाऱ्या सर्वांना परिचित असलेल्या एका जोडप्याची गोष्ट या सूत्रासाठी उपयोगी आहे. सत्तरच्या दशकात सुधा कुलकर्णी टेल्को कंपनीत इंजिनिअर होत्या. ‘स्त्रियांनी अर्ज करू नये’ अशा अर्थाची अट जाहिरातीत वाचून त्यांनी थेट जे. आर. डी. टाटांना पोस्टकार्ड लिहिले होते, आणि त्यातूनच ही नोकरी मिळाली होती. पुण्यात त्यांची नारायण मूर्ती यांच्याशी ओळख झाली. मूर्तींच्या खिशात तेव्हा फारसे पैसे नसत. दोघे बाहेर जेवायला गेले की बिल बहुतेक वेळा सुधाताई भरत, मूर्ती ‘नंतर देईन’ म्हणत, आणि सुधाताई ती रक्कम एका वहीत मांडून ठेवत. पुढे त्यांनीच लिहिले आहे की ती उधारी चार हजारांच्या वर गेली, कधी परत आली नाही, आणि लग्नानंतर त्यांनी ती वही फाडून टाकली. १० फेब्रुवारी १९७८ रोजी बेंगळुरूत मूर्तींच्या घरी साधेपणाने लग्न झाले. एकूण खर्च आठशे रुपये. दोघांनी चारशे-चारशे घातले.

१९८१ मध्ये मूर्तींनी सहा सहकाऱ्यांसह पुण्यात इन्फोसिस सुरू केली. सुधाताईंनी आपल्या बचतीतले दहा हजार रुपये दिले, आणि तीन वर्षे घर चालवण्याची जबाबदारी अंगावर घेतली. १९८३ मध्ये कंपनी बेंगळुरूला आली. सुधाताईंनाही कंपनीत घ्यावे असा विषय निघाला, तेव्हा पती-पत्नी दोघांनी एका कंपनीत असू नये, ही मूर्तींची भूमिका होती. शिक्षण आणि अनुभव दोन्ही असताना बाजूला राहावे लागणे आपल्याला किती जड गेले, हे सुधाताईंनी मोकळेपणाने लिहिले आहे. त्या बाजूला राहिल्या. जानेवारी २०२४ मध्ये एका मुलाखतीत मूर्तींनी जाहीरपणे मान्य केले की त्या वेळचा आपला आदर्शवाद चुकीचा होता.

ही गोष्ट कोणाला दोष देण्यासाठी सांगितलेली नाही. चाळीस वर्षांनी आपली चूक उघडपणे बोलून दाखवणारे पती किती असतील? पण आपल्या पाठासाठी यात एक फार महत्त्वाची गोष्ट आहे. सुरुवातीचे भांडवल पत्नीचे होते. घर तिच्या पगारावर चालणार होते. तरीही ‘कोणी काम करायचे आणि कोणी थांबायचे’ याची चौकट एकाने आखली. म्हणजे केवळ पैसा हातात असल्याने निर्णयात जागा मिळते असे नाही. उधारीची वही प्रेमाने फाडता येते. निर्णयातली जागा मात्र समोर बसवून, विचारून, एकमेकांना द्यावी लागते.

दुकानातले भागीदार आणि घरातले भागीदार

वाणिज्य शाखेच्या अभ्यासात १९३२ चा भारतीय भागीदारी कायदा असतो. परीक्षेसाठी तो पाठ करताना माझ्या मनात राहून राहून एक विचार येई. दोन माणसे मिळून एक साधे किराणा दुकान काढतात, तेव्हा कायदा त्यांना एकमेकांकडून जेवढा मान मिळवून देतो, तेवढा आपण घरात जोडीदाराला देतो का?

त्या कायद्यातल्या तीन गोष्टी पाहा.

पहिली, उघडा हिशेब. भागीदारांनी एकमेकांशी प्रामाणिक राहावे, खरा हिशेब आणि पूर्ण माहिती द्यावी, असे कलम ९ सांगते. दुकानाच्या वह्या केव्हाही पाहण्याचा आणि त्यांची नक्कल घेण्याचा हक्क कलम १२ प्रत्येक भागीदाराला देते. आता स्वतःला विचारा : आपल्या जोडीदाराला आपला नेमका पगार माहीत आहे का? कर्ज किती उरले आहे? कोणत्या बँकेत काय आहे? भविष्य निर्वाह निधीच्या नामनिर्देशनात कोणाचे नाव आहे? लग्नाला दहा वर्षे झाल्यावरही त्या खात्यात अजून आईवडिलांचे नाव असलेली किती तरी घरे सापडतील.

दुसरी, मोठ्या बदलाला सर्वांची संमती. रोजचे बारीकसारीक मतभेद बहुमताने सोडवता येतात, पण धंद्याचे स्वरूपच बदलायचे असेल तर सर्व भागीदारांची संमती लागते. शहर बदलणे, नोकरी सोडणे, घर घेणे, गावाकडच्या आईवडिलांना आणणे किंवा न आणणे, मूल होऊ देणे : हे घराचे स्वरूप बदलणारे निर्णय आहेत. ‘कंपनीने बेंगळुरूची ऑफर दिली, मी हो म्हणून आलो’ असे घरी येऊन सांगणे म्हणजे संमती घेणे नव्हे. ते कळवणे झाले.

तिसरी, समान वाटा. भागीदारांनी आपसात वेगळे काही ठरवलेले नसेल, तर नफा सारखा वाटला जातो, असे कलम १३ सांगते. एकाने भांडवल जास्त घातले असेल आणि दुसऱ्याने कमी, तरीही. पण घरात आपण नकळत उलटा नियम लावतो. ज्याचा पगार मोठा, त्याची दमणूक मोठी, त्याची झोप महत्त्वाची, त्याच्या आईचा शब्द वजनदार, आणि टीव्हीचा रिमोटही त्याचाच.

घर म्हणजे दुकान नव्हे, हे खरे. पण दुकानात प्रेम नसते म्हणून तिथे कायद्याची गरज लागते. घरात तर प्रेम आहे. मग तिथे जोडीदाराला कायद्यापेक्षा अधिक मिळायला हवे. कमी मिळत असेल, तर ‘आमचे एकमेकांवर फार प्रेम आहे’ या वाक्याकडे थांबून पुन्हा पाहायला हवे.

डाळीच्या डब्यातल्या नोटा

८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री पाचशे आणि हजाराच्या नोटा रद्द झाल्याचे जाहीर झाले. त्यानंतरच्या काही दिवसांत अनेक घरांत एक वेगळेच दृश्य दिसले. डाळीच्या डब्यातून, साड्यांच्या घडीतून, देवघराच्या खणातून आईच्या, आजीच्या नोटा बाहेर आल्या. घरखर्चातून वाचवलेल्या, कोणाला न सांगितलेल्या. घरोघरी त्यावर हसू झाले, विनोद फिरले. पण जिने आयुष्यभर घर सांभाळले, तिला आपल्याच घरात पैसे लपवावे का लागले, हा प्रश्न फार थोड्यांना पडला.

उत्तर अवघड नाही. तिला स्वतःच्या मनाने खर्च करण्यासाठी असे काही नव्हते. माहेरच्या लग्नात भाचीला द्यायला, मुलाच्या सहलीला, कधी नुसते आपले म्हणून. दर वेळी मागायचे, दर वेळी कारण सांगायचे, यापेक्षा लपवणे सोपे वाटले. लपवलेला प्रत्येक रुपया हा कधी तरी ऐकलेल्या ‘कशाला?’चे उत्तर होते.

आणि हे त्या व्यक्तीच्या बाबतीत, जी घरात सर्वांत जास्त काम करत होती. केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळवापर सर्वेक्षणात असे आढळले की घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे घालवतात, तर घरकाम करणारे पुरुष ९७ मिनिटे. मुळात घरकामाला हात लावणारे पुरुषच शंभरात सव्वीसच्या आसपास होते. जवळजवळ पाच तासांचे हे काम कुठल्याही पगारपत्रकात दिसत नाही. जानेवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका अपघात भरपाईच्या खटल्यात गृहिणीच्या कामाचे आर्थिक मूल्य धरलेच पाहिजे, असे स्पष्ट केले. विचार करा, त्या कामाचा हिशेब आपण बाई गेल्यावर मांडतो. ती समोर असताना का मांडत नाही?

१० जुलै २०२४ च्या एका निकालात न्यायमूर्ती बी. व्ही. नागरत्ना यांनी हीच गोष्ट सोप्या शब्दांत मांडली. त्यांची वकिली बेंगळुरूत सुरू झाली होती. ज्या पत्नीचे स्वतःचे उत्पन्न नाही, तिच्यासाठी पतीने संयुक्त खाते उघडावे, एटीएम कार्ड द्यावे, तिला आर्थिक आधार मिळेल असे पाहावे, असा त्यांचा आग्रह होता. देशाच्या सर्वोच्च न्यायालयाला ही गोष्ट निकालात लिहावी लागते, यावरूनच घराघरांतली स्थिती कळते.

पारडे उलटे झाले तर?

इथवर वाचून कोणी म्हणेल, आमच्याकडे तर पत्नीचा पगार जास्त आहे. या शहरात अशी जोडपी पुष्कळ आहेत. नवरा नोकरी सोडून स्वतःचा उद्योग उभा करतो आहे, किंवा नोकरकपातीत त्याची नोकरी गेली आहे, आणि सहा महिने घर तिच्या पगारावर चालते आहे. अशा वेळी बिलाचा कागद टेबलावर येताच हॉटेलातला वेटर तो सवयीने नवऱ्यासमोर ठेवतो, आणि त्या दोन सेकंदांत दोघांच्याही चेहऱ्यावर काही तरी हलते. तिने प्रेमाने विचारलेला ‘आज काय केलेस?’ हा प्रश्नही त्याला हिशेब मागितल्यासारखा बोचतो. मग तो स्वतःचे महत्त्व टिकवायला दुसरीकडे हट्ट धरतो : जेवणात, मुलांच्या शाळेत, तिच्या उशिरा येण्यात. आणि ती? कमावूनही अपराधी वाटून ती घरचे कामही स्वतःच ओढत राहते.

लग्न न झालेल्या तरुण जोड्यांतही हेच घडते. एकाचे घर शहरातले आणि सुस्थितीतले, दुसरा पीजीत राहून शिकणारा. रेस्टॉरंट कोणते, सहल कुठे, गाडी कोणाची, हे सगळे ज्याच्याकडे पैसे तो ठरवतो. दुसऱ्याला ‘मला परवडत नाही’ हे तीन शब्द उच्चारायची लाज वाटते, म्हणून तो उसने घेतो किंवा भांडणाचे निमित्त काढून जाणे टाळतो. इतके केल्यावरही भांडण झाले की ऐकावे लागते, ‘मी तुझ्यासाठी किती केले!’

तेव्हा हा प्रश्न फक्त पुरुषांचा नाही. स्त्रियांवर त्याचे ओझे समाजाने जास्त टाकले आहे, हे खरेच. पण मुळाशी असलेला विकार दोघांनाही होऊ शकतो. त्याचे नाव कर्तेपणा. ‘मी आहे म्हणून हे चालले आहे’ हा भाव.

दान की वाटा?

गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाचे तीन प्रकार सांगितले आहेत. देणे कर्तव्य आहे म्हणून, परतफेडीची अपेक्षा न ठेवता, योग्य वेळी दिलेले ते सात्त्विक. मोबदल्यावर डोळा ठेवून, मनात कुढत दिलेले ते राजस. आणि समोरच्याचा मान न राखता, तुच्छतेने दिलेले ते तामस. आपण देवळात आणि आश्रमात देतो ते बहुधा सात्त्विक असते. आणि घरात? महिन्याच्या एक तारखेला टेबलावर आपटलेले नोटांचे पुडके, ‘मागच्या आठवड्यातच दिले होते ना?’ हा सूर, पाहुण्यांसमोर ‘हिला काय, स्वाइप करायला येते’ हा विनोद. आपले आपणच ठरवावे, हे कोणत्या प्रकारात बसते.

पण याहूनही खोल एक पायरी आहे. जोडीदाराला आपण जे देतो ते मुळात दान आहे का? जिने आपले गाव, आपली नोकरी, आपली भाषा मागे ठेवून आपल्यासोबत यायचे मान्य केले, तिच्या त्या त्यागावरच आपला पगार उभा आहे. जो रात्री जागून मुलाला सांभाळतो, त्याच्यामुळेच दुसऱ्याची सकाळची मीटिंग नीट होते. मग खात्यात जमा झालेली रक्कम एकाची कशी? ज्याचे आहे त्याला ते पोचवणे म्हणजे दान नव्हे. आपण फक्त विश्वस्त आहोत. विश्वस्ताने ‘कशाला?’ विचारायचे नसते. त्याने हिशेब दाखवायचा असतो.

वैराग्य कोणाच्या जिवावर?

हा भाग विशेषतः आपल्यासारख्या साधकांसाठी. कधी कधी अध्यात्म हीच घरातली सत्ता बनते. घरच्यांना न विचारता मोठी देणगी जाहीर केली. सुट्या आणि पैसे दोन्ही खर्चून शिबिराला निघून गेलो. सेवेसाठी नोकरी सोडायची आहे असे एके संध्याकाळी जाहीर केले. जोडीदाराने काळजीने दोन प्रश्न विचारले, की ‘तू फार मायेत अडकली आहेस’ असे म्हणून तिचे तोंड बंद केले.

बृहदारण्यक उपनिषदातले याज्ञवल्क्य आठवा. गृहस्थाश्रम सोडून जायचे ठरवल्यावर ते गुपचूप निघून गेले नाहीत. मैत्रेयी आणि कात्यायनी या दोन्ही पत्नींमध्ये जे आहे त्याची वाटणी करावी, असे त्यांनी आधी मैत्रेयीला सांगितले. त्या वाटणीच्या बोलण्यातूनच मैत्रेयीने संपत्तीने अमरत्व मिळेल का, हा थोर प्रश्न विचारला. आत्मज्ञानाचा तो संवाद घराच्या हिशेबातून सुरू झाला.

आपल्या तुकोबांची परंपरेने सांगितलेली कथाही पाहा. त्यांनी सावकारीची खते इंद्रायणीत बुडवायचे ठरवले. धाकटे बंधू कान्होबा यांनी आपल्या संसाराचा प्रश्न काढला, तेव्हा तुकोबांनी निम्मी खते त्यांच्या हाती दिली आणि फक्त स्वतःच्या वाट्याची बुडवली. वैराग्य स्वतःच्या वाट्याचे घ्यायचे असते, दुसऱ्याच्या वाट्याचे नाही, हे त्यांनी कृतीने दाखवले. मात्र याच कथेत जिजाईंचे मत कोणी विचारल्याचे ऐकायला मिळत नाही. लोकांनी त्यांना तोंडाळ ठरवले. पण भंडारा डोंगरावर भाकरी घेऊन जाणाऱ्या त्याच होत्या, आणि पोरांच्या पोटाची चिंता त्यांच्याच पदरी होती. तुकोबांची उंची आपली नाही. म्हणून तरी आपण आपल्या घरातल्या जिजाईला आधी विचारावे.

सहन करणे म्हणजे साधना नव्हे

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. वर जे लिहिले ते अशा घरांसाठी आहे, जिथे प्रेम आहे पण सवयी चुकल्या आहेत. काही घरांत गोष्ट त्यापलीकडची असते. पगार हाती आला की काढून घेणे, नोकरी सोडायला भाग पाडणे, गरजेच्या खर्चालाही पैसे न देणे, स्त्रीधन विकून टाकणे, कागदांवर धाकाने सह्या घेणे. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याने याला आर्थिक छळ म्हटले आहे, आणि तो मारहाणीइतकाच हिंसाचारात मोडतो. लग्नासारख्या नात्यात एकत्र राहणाऱ्या स्त्रीलाही या कायद्याचा आधार आहे.

असे कोणी आपल्यापाशी बोलले, तर ‘सहन कर, तुझे कर्म कटते आहे’ असे कृपा करून सांगू नये. शांतपणे ऐकावे. १८१ हा महिलांसाठीचा मदत क्रमांक सांगावा. बेंगळुरूत पोलीस आयुक्तालयाची वनिता सहायवाणी आहे, तिची माहिती द्यावी. गरज पडल्यास सोबत जावे. क्षमा ही बलवानाची असते. जिच्याजवळ बसच्या तिकिटाचेही पैसे नाहीत, तिला आधी बळ मिळू द्यावे.

या आठवड्याचा स्वाध्याय

वाचून सोडून देऊ नये. पुढील पाच गोष्टी या आठवड्यात करून पाहाव्यात.

१. एक संध्याकाळ ठरवा. मुले झोपल्यावर अर्धा तास. फोन बाजूला ठेवून दोन मिनिटे डोळे मिटून बसा, मग एका कागदावर दोघांचे उत्पन्न, कर्जे, ठेवी, विमा, आणि प्रत्येक ठिकाणी नामनिर्देशनात कोणाचे नाव आहे, हे सगळे लिहा. ज्याला जास्त माहीत आहे त्याने सांगावे, ज्याला कमी माहीत आहे त्याने पेन धरावे.

२. त्याच कागदाच्या मागे घरातली कामे लिहा : स्वयंपाक, भांडी, मुलांचा अभ्यास, आजारी माणसाची उठबस, पाहुणे, सण. प्रत्येकासमोर ते कोण करते ते लिहा. टीका करू नये, नुसते पाहावे. नुसते पाहिल्यानेही बरेच काही हलते.

३. दोघांच्याही नावावर महिन्याला एक ठरावीक रक्कम ठेवा, जिचा हिशेब कोणी कोणाला विचारणार नाही. रक्कम लहान असली तरी चालेल, पण दोघांना सारखी असावी. पगार किती आहे याचा इथे संबंध नाही.

४. संयुक्त खाते नसेल तर उघडा, आणि दोघांची वेगवेगळी कार्डे घ्या. ‘माझेच कार्ड वापर, पिन तुला माहीत आहेच’ हा विश्वास वाटतो, पण तो पुरेसा नाही. २०१३ मध्ये बेंगळुरूत बाळंतपणाच्या रजेवर असलेल्या एका पत्नीने नवऱ्याला कार्ड देऊन पंचवीस हजार रुपये काढायला पाठवले. यंत्रातून पैसे आले नाहीत, पण खात्यातून मात्र वजा झाले. तक्रार ग्राहक मंचापर्यंत गेली, आणि कार्ड दुसऱ्याच्या हाती देता येत नाही या नियमामुळे २०१८ मध्ये निकाल तिच्या विरोधात गेला. बँक नाते पाहत नाही, नाव पाहते. म्हणून नाव दोघांचे असावे.

५. पुढचा मोठा निर्णय घेण्यापूर्वी जोडीदाराला ‘मी असे ठरवले आहे’ असे न सांगता ‘तुला काय वाटते?’ असे विचारा, आणि उत्तर येईपर्यंत गप्प बसा. उत्तर नकाराचे आले तर त्या नकाराला खरोखर जागा द्या. नकार ऐकायची तयारी नसेल, तर विचारणे हा केवळ उपचार ठरतो.

हे करताना मन कुठे आखडते ते पाहा. पगाराचा आकडा सांगताना? दुसऱ्याची मोकळी रक्कम ठरवताना? नकार ऐकताना? जिथे आखडते तिथेच आपला ‘मी’ बसलेला असतो. ध्यानात ज्याला शोधतो तो घरातल्या कागदावर इतक्या सहज सापडतो, हीसुद्धा कृपाच.

आता पुन्हा त्या दुपारकडे जाऊ. तिचा मेसेज येतो, ‘पाचशे रुपये पाठव ना.’ त्याच्या बोटांवर सवयीचा तोच शब्द येतो. तो क्षणभर थांबतो. एक श्वास घेतो. संध्याकाळी घरी आल्यावर तो तिला बँकेचा अर्ज दाखवतो, आणि म्हणतो, ‘इथे सही कर. यापुढे मला विचारायचे नाही.’ ती सही करते. मग सहज सांगते की आज मैत्रिणीबरोबर चहाला गेले होते, खूप हसलो.

आपल्याही घरात या आठवड्यात एक ‘कशाला?’ कमी होवो, आणि एक खरी गोष्ट जास्त बोलली जावो, हीच प्रार्थना.